वरून धड, आतून जीर्ण

मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की खंबाटकीच्या चढाला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. पुढे ट्रकांची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी वाहतूक, डोक्यावर ऊन आणि बॉनेटखालून उठणारी वाफ. चार वर्षांपूर्वी त्यांत माझीही गाडी होती. तेरा वर्षं वापरलेली टर्बो पेट्रोल सेदान. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, ऑइल ठरल्या किलोमीटरला, टायर नवे. आधी एसीच्या जाळीतून पाकासारखा गोडसर वास आला. मग डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. गाडी कडेला घेऊन खाली उतरलो, तोवर गुलाबी पाण्याचा ओघळ उताराला लागला होता.

फुटला होता तो अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांबीचा एक रबरी पाइप. टर्बोच्या मागे, बॉनेट उघडूनही सहज दिसणार नाही अशा जागी. गाडी टो करून सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी तो पाइप काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा एकटा गेलेला नाही. हा पहिला गेलाय."

या लेखात मला जे सांगायचं आहे, त्याचं सार त्या वाक्यात आहे. गाडीतले कूलंटचे सगळे पाइप एकाच दिवशी बसवलेले असतात, एकाच पाण्यात भिजतात आणि एकाच उष्णतेत शिजतात. त्यांचं वयही बरोबरीनं होतं. म्हणून दहा-बारा वर्षांच्या टर्बो गाडीचे पाइप फुटण्याची वाट न पाहता, एकदा बसून, सगळे एकत्र बदलावेत. असं का, आणि ते कसं करायचं, ते पाहू.

दाबाखालचं पाणी

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला भाग उष्णता बनून कूलंटच्या गळ्यात पडतो. ही उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणं हे कूलंटचं काम. इंजिनातला थर्मोस्टॅट साधारण ८५ ते ९० अंशांना उघडतो आणि कूलंट ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान फिरत राहतं.

आता पाणी तर १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. मग इंजिनात ते उकळत का नाही? दोन कारणांनी. पहिलं, पाण्यात मिसळलेलं इथिलीन ग्लायकॉल. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्या भांड्यातसुद्धा १०७ अंशांच्या आसपास उकळतं. दुसरं कारण दाब. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण म्हणजे स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह असतो, घरातल्या कुकरच्या शिटीसारखा. तो आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा १ ते १.५ बार जास्त होऊ देतो. एक बार जास्तीच्या दाबाला साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

हा दाब १५ ते २२ पीएसआय भरतो. आपण टायरमध्ये ३२ च्या आसपास हवा भरतो. म्हणजे टायरमधल्या दाबाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त दाब हे रबरी पाइप शंभर अंशांच्या पाण्यासह अंगावर घेतात, तेही इंजिनाच्या थरथरीत, वर्षानुवर्षं. पाइप फुटला की दाब क्षणात उतरतो, तापलेलं कूलंट तिथल्या तिथे उकळतं आणि उरलेलं पाणीही वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणून लहानसा पाइप फुटला तरी गाडी पुढे रेटता येत नाही.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला? साधं पाणी टाका," असं अजूनही ऐकू येतं. बर्फापासून बचाव हे कूलंटच्या कामांपैकी एक झालं. उकळबिंदू वाढवणं आणि ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं यांना गंजू न देणं ही कामं आपल्या हवेत जास्त महत्त्वाची आहेत. बोअरचं जड पाणी ओतलं तर त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनातल्या वाटांत थर धरतात. चहाच्या जुन्या पातेल्याला बसतो तसाच हा थर उष्णता अडवतो.

टर्बोची धग

टर्बोचार्जरचं मूळ स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांच्या १९०५ च्या पेटंटमध्ये आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूत बरीच ऊर्जा वाया जाते, तिच्यावर एक चक्र फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही त्यांची कल्पना. १९७० च्या दशकाच्या अखेरीला साबच्या '९९ टर्बो'नं ती रोजच्या वापराच्या गाडीत रुळवली. आपल्याकडे २००० च्या दशकात १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आली, २०१३ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली. टर्बो डिझेल तर त्याआधीच स्कॉर्पिओपासून स्विफ्टपर्यंत घरोघरी पोचलं होतं. त्या काळात हौसेनं घेतलेल्या कितीतरी गाड्या आज दहा ते वीस वर्षांच्या आहेत. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून, ग्रीन टॅक्स भरून माणसं त्या पुढेही चालवतात. त्यांच्यासाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

पेट्रोल टर्बोच्या एका बाजूला ९०० अंशांच्या घरातला वायू असतो. दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत खेचली जाते. दोन्ही बाजूंच्या चक्रांना जोडणारा बोटभर दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. हे ऑइल जळून कोळसा होऊ नये म्हणून बहुतेक पेट्रोल टर्बोंच्या मधल्या भागातून कूलंटही फिरवलेलं असतं. त्यासाठी दोन लहान पाइप येतात, एक आत जाणारा आणि एक परत येणारा.

या दोन पाइपांच्या नशिबी सगळ्यात कठीण जागा येते. गाडी चालू असताना एक्झॉस्टची धग शेजारीच असते. गाडी बंद केल्यावर परिस्थिती आणखी बिघडते. पंप थांबतो, पंख्याची हवा थांबते, पण तापून लाल झालेल्या टर्बाइनच्या घराची उष्णता मधल्या भागात उतरत राहते. तिथलं कूलंट आणखी तापतं, हलकं होऊन परतीच्या पाइपातून वर चढतं आणि त्याच्या जागी थोडं गार कूलंट येतं. पंपाशिवाय चालणारं हे अभिसरण टर्बोला वाचवतं, पण त्याची झळ परतीच्या पाइपाला बसते. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा, असं जुने चालक सांगतात ते याचसाठी.

लहान डिझेल गाड्यांत टर्बोला बहुधा ऑइलचाच गारवा असतो, कूलंटचा नसतो. तरी त्यांची सुटका नाही. धूर कमी करण्यासाठी एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडतात, आणि तो आधी गार करायला ईजीआर कूलर लावतात. त्याला जोडणारे कूलंटचे पाइप तसेच आडोशाला, तसेच धगीत असतात.

रबर आतून कसं जीर्ण होतं

कूलंटचे पाइप आज बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. आत रबराची नळी, तिच्यावर धाग्याची वीण आणि बाहेर पुन्हा रबराचं आवरण. दाब पेलते ती मधली वीण. रबर फक्त पाणी आत ठेवतं आणि विणीला जपतं.

हे रबर तीन वाटांनी खचतं. पहिली वाट उष्णतेची. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबराचं वय साधारण दुप्पट वेगानं होतं, असा रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब आहे. म्हणून रेडिएटरचा खालचा, त्यातल्या त्यात गार पाइप अजून तरुण असतो, तेव्हा टर्बोजवळचा म्हातारा झालेला असतो. तो कडक होतो, दाबला तर करकरतो, वाकवला तर पृष्ठभागावर बारीक रेषा उमटतात.

दुसरी वाट ऑइलची. ईपीडीएमला पाणी आणि ग्लायकॉल चालतं, पण खनिज तेलाशी त्याचं हाडवैर. तेल लागलं की ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. जुन्या टर्बो गाडीत ब्रीदरच्या पाइपातून आणि इंटरकूलरच्या सांध्यांतून ऑइलचा ओशटपणा बाहेर येतोच. तो खाली कूलंटच्या पाइपावर ठिबकत राहिला, तर तो पाइप कडक न होता उलट मऊ होऊन जातो. पाइप बदलायचा तर ती गळतीही थांबवायला हवी, नाहीतर नव्याचीही तीच गत.

तिसरी वाट सगळ्यात फसवी. कूलंट विजेचं मंद वाहक आहे, रबरात काजळी असल्यामुळे तेही थोडंफार वाहक आहे आणि दोन्ही टोकांना वेगवेगळे धातू आहेत. यातून एक अगदी अशक्त बॅटरीच तयार होते. तिच्या प्रवाहामुळे आतल्या नळीला, बहुतेक करून टोकांजवळ, लांबीच्या दिशेनं केसासारख्या भेगा पडतात. भेगांतून कूलंट विणीपर्यंत पोचतं, धागा कुजतो, आणि एका चढावर वीण सुटते. बाहेरचं आवरण तोपर्यंत काळं, तुकतुकीत असतं.

मिस्त्रींनी त्या दिवशी मला हे दाखवलं. रेडिएटरचा वरचा पाइप, जो फुटलेला नव्हता आणि वरून अगदी धड दिसत होता, त्यांनी काढला, ब्लेडनं उभा चिरला आणि पुस्तकासारखा उघडला. क्लिपेच्या बाजूच्या दोन बोटं जागेत आतून समांतर चिरा होत्या, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. एका चिरेत त्यांनी नख घातलं, ते थेट पांढऱ्या धाग्याला लागलं. बाहेरून त्या जागी काहीही नव्हतं. त्यानंतर पाइप नुसता डोळ्यांनी तपासून "चांगला आहे" असं म्हणणं मी सोडून दिलं.

बोटांनी करायची तपासणी

ही तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण गार गाडीवर करायची. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

प्रत्येक पाइप क्लिपेपासून दोन इंचांच्या आत अंगठा आणि तर्जनीत चिमटा. मग तोच पाइप मध्यावर चिमटा. दोन्हीकडे सारखाच लागला तर ठीक. टोकाशी मऊ आणि मध्यावर घट्ट लागला, किंवा टोकाशी बोटांखाली आत खाचा जाणवल्या, तर त्याचं आयुष्य संपलं. लाकडासारखा कडक, बोटानं दबतच नाही असा पाइपही गेलेला समजा. फुगवटा आला असेल, क्लिपेमागे बांगडी आल्यासारखं रबर वर आलं असेल, तर थांबू नका. सांध्याशी गुलाबी, हिरवी किंवा पांढरट पापडी दिसली, तर तिथून कूलंट झिरपून वाळतं आहे. बाटलीतली पातळी दर महिन्याला थोडी उतरते आणि खाली डाग नाही, तेव्हा टर्बोच्या बाजूला टॉर्च मारून बघा. तिथे गळालेला थेंब जमिनीवर पडायच्या आधीच वाळून जातो.

आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो. शिवाय कूलंट संपलं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. गोड वास आणि पातळीचा लाल दिवा हे जास्त खरं बोलतात.

कोणता पाइप घ्यावा

कूलंटचे पाइप वळणांसकट साच्यात घडवलेले असतात. मीटरवर मिळणारा सरळ पाइप वाकवून बसवला तर वळणावर घडी पडते आणि प्रवाह चेपतो. म्हणून गाडीच्या पार्ट नंबरचाच, ईपीडीएमचा पाइप घ्यावा. तो कंपनीचा असो वा नावाजलेल्या पुरवठादाराचा, त्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी, कारण रबर दुकानाच्या फळीवरही वय मोजत असतं.

निळे-लाल सिलिकॉनचे पाइप दिसायला देखणे असतात आणि उष्णता जास्त सोसतात. टर्बोजवळच्या एखाद्या अडचणीच्या जागी ते योग्यही ठरतात. पण सिलिकॉनमधून पाण्याची वाफ हळूहळू पार होते, त्यामुळे पातळीवर लक्ष ठेवावं लागतं. शिवाय दात कापलेल्या साध्या क्लिपेत ते मऊ रबर चिरतं, त्यांना आतून सपाट पट्टीची क्लिप लागते. रोजच्या गाडीला चांगला ईपीडीएम पुरेसा आहे.

क्लिपांकडेही तितकंच लक्ष हवं. स्क्रू फिरवून आवळायच्या क्लिपेला गॅरेजात सर्रास जुबिली क्लिप म्हणतात. ब्रिटिश नौदलात कमांडर राहिलेल्या लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि त्या ब्रँडचं नाव सगळ्या जातकुळीला चिकटलं. ती स्वस्त आणि भरवशाची आहे, पण रबर कालांतरानं दबतं आणि ती आपणहून त्याच्यामागे जात नाही. कंपनीतून येणारी स्प्रिंगची क्लिप मात्र रबर दबलं, फुगलं, तरी सारख्याच ताणानं धरून राहते. गंज नसेल आणि ताण टिकून असेल, तर मूळची स्प्रिंग क्लिपच परत लावावी.

बदलण्याचं काम

सुरुवात मोबाइलनं. काही काढण्याआधी प्रत्येक पाइपाचा, क्लिपेच्या दिशेचा, उष्णतेच्या पत्र्याचा फोटो. गाडी घोड्यांवर नीट टेकवल्याशिवाय खाली शिरायचं नाही, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. जुनं कूलंट रुंद घमेल्यात घ्यायचं आणि झाकून ठेवायचं. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात. गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ते ओतू नये. बंद कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावं.

जुना पाइप ओढून काढण्याचा मोह टाळायचा. तेरा वर्षांत रबर नळीच्या तोंडाला चिकटून बसलेलं असतं. पक्कडीनं पिळलं, तर रेडिएटरचं किंवा हेडच्या मागच्या फ्लँजचं प्लास्टिकचं तोंड मोडतं आणि तीनशेचा पाइप बदलताना हजारोंचा भाग बदलावा लागतो. पाइप ब्लेडनं उभा चिरायचा आणि सालीसारखा सोलून काढायचा. ब्लेडचं टोक धातूपर्यंत जाऊ द्यायचं नाही, कारण तिथे पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. मग तोंडावरची पांढरी पापडी बारीक घासणीनं घासून, पुसून कोरडी करायची. या कामाला घाई चालत नाही. नवा पाइप गळला, तर बहुतेक वेळा कारण याच तोंडावर राहिलेला खवला असतो.

नवा पाइप चढत नसेल तर आत थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, ते ईपीडीएमला खातं. पाइपावर आणि तोंडावर जुळवायच्या खुणा असतात, त्या जुळवल्या की वळण आपोआप बरोबर बसतं. क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे हवी, उंचवट्यावर नको. टर्बोला कूलंटची नळी पोकळ बोल्टनं जोडलेली असेल, तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे घाला, जुना वायसर एकदा चेपला की पुन्हा तसा बसत नाही. आणि उष्णता अडवणारा पत्रा किंवा चंदेरी वेष्टन परत लावायला विसरू नका. अनेक गाड्यांत मागच्या दुरुस्तीत ते कुणीतरी काढून टाकलेलं असतं आणि पाइप वेळेआधी का गेला, याचं उत्तर तिथेच मिळतं.

हात घातलाच आहे तर थर्मोस्टॅट, झाकण आणि प्लास्टिकचे जोड यांचंही वय पाहा. वॉटर बॉडीला, म्हणजे कूलंटच्या पंपाला, ओल दिसत असेल तर तीही याच वेळी. कूलंट एकदाच भरायचं असतं, मजुरीही एकदाच द्यायची असते.

हवा काढणं

कूलंट भरताना रंगावर जाऊ नका. गुलाबी, हिरवा, निळा हे रंग कंपनी आपल्या मर्जीनं देते. गाडीच्या पुस्तकात दिलेलं स्पेसिफिकेशन बघून घ्या. वेगवेगळ्या जातींची मिसळ झाली, तर त्यांतली गंजरोधक रसायनं एकमेकांना मारक ठरतात, कधी गाळही धरतो. घट्ट कूलंट असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्म.

मग राहते ती हवा. नव्यानं भरलेल्या वाटांत हवेचे फुगे अडकतात आणि टर्बोसारख्या उंच, आडवळणाच्या जागी तर नक्कीच. तिथे पाण्याऐवजी हवा असेल, तर नवे पाइप बसवूनही टर्बो कोरडा तापतो. म्हणून हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, कूलंट सावकाश भरायचं, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुड्यांशिवाय पाणी येईपर्यंत थांबायचं. इंजिन गार असताना पाइप हातानं हलके दाबत राहायचं, बाटलीत बुडबुडे येताना दिसतात. मग झाकण लावून इंजिन रेडिएटरचा पंखा चालू होईपर्यंत जागेवर चालवायचं. हीटरमधून एकसारखी गरम हवा आली, की पाणी सगळीकडे पोचलं. रात्रभर गार होऊ द्यायचं, सकाळी पातळी बघून भर घालायची. आठवडाभर रोज एकदा टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघायचा आणि जुबिली क्लिपांना, गार इंजिनावर, किंचित आवळून घ्यायचं.

रस्त्यातच पाइप फुटला, तर लगेच थांबून इंजिन बंद करा. "दोन किलोमीटरवर गॅरेज आहे" हा विचार घात करतो. कूलंटशिवाय काही मिनिटांत ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि मग हेड फेसिंगला टाकण्यापासून कामाची यादी सुरू होते. सगळे पाइप, क्लिपा आणि कूलंट यांचा खर्च त्याच्या काही पटींनी कमी असतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. फुटलेल्या पाइपावर गुंडाळलेली रबराची टेप फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत पोचायला आहे, घरी परतायला नाही.

माझ्या गाडीचे नऊ पाइप त्या आठवड्यात बदलले. जुने चिरून पाहिले, तेव्हा नऊपैकी पाच आतून भेगाळलेले निघाले. फुटला होता एकच. काम संपल्यावर मिस्त्रींनी पांढऱ्या मार्करनं रेडिएटरच्या वरच्या नव्या पाइपावर महिना, वर्ष आणि किलोमीटर लिहिले. "आपल्याला लक्षात राहील हो," मी म्हणालो. ते म्हणाले, "तुमच्यानंतर जो चालवील, त्याला कसं कळायचं?" ती अक्षरं अजून तिथे आहेत. बॉनेट उघडलं की मी पहिल्यांदा ती वाचतो, मग क्लिपेशेजारी दोन बोटांनी पाइप चिमटून बघतो.